विंडोज टाकताना डिस्कच सापडत नाही, तेव्हा

पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, अटी मान्य केल्या, आणि जिथे डिस्कची यादी यायची तिथे नुसता पांढरा चौकोन. वर एक ओळ: ‘वी कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज’. माझ्या भाच्याने रात्री साडेअकराला फोन केला तो याच पडद्यासमोर बसून. “मामा, एसएसडी उडाली वाटतं. दुकानवाला म्हणतोय नवी टाका.” लॅपटॉप आठ महिन्यांचा. संध्याकाळपर्यंत त्याच एसएसडीवर, म्हणजे आतल्या डिस्कवर, त्याचा गेम चालू होता. म्हटलं, नवी घेऊ नकोस, आधी बायोस उघड.

एसएसडी ठणठणीत होती. बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावरची, एक सेटिंग बंद केली आणि एसएसडी यादीत आली.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा अधिकृत सपोर्ट संपला आणि ‘फॉरमॅट मारून अकरा टाकू’ म्हणणारे वाढले. तेव्हापासून हाच प्रश्न मला वारंवार येतो, आणि दर वेळी लोक एकतर पेनड्राइव्ह पुन्हापुन्हा बनवत बसलेले असतात किंवा नव्या डिस्कचे भाव काढत असतात. म्हणून सगळा क्रम इथे लिहून ठेवतो. पडद्यावर दिसणारे इंग्रजी शब्द आणि कमांड मी देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.

हात घालण्याआधी

जुनं विंडोज अजून सुरू होत असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. डिस्क एकदा सापडली की माणूस सुटकेच्या आनंदात ‘डिलीट’ दाबत सुटतो, हे मी स्वतःही केलं आहे.

दुसरं, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची किल्ली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये डिस्कची सेटिंग बदलली की पुढच्या वेळी लॅपटॉप ४८ आकड्यांची किल्ली मागू शकतो. फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, उपकरणांच्या यादीत ती किल्ली मिळते का बघा आणि कागदावर उतरवून घ्या. सगळंच पुसून नव्याने टाकायचं असेल तर तिची गरज नाही. डिस्कवरचं काही टिकवायचं असेल तर मात्र किल्लीशिवाय बायोसला हात लावू नका.

तिसरं, एक साधा यूएसबी माउस जवळ ठेवा. अनेक नव्या लॅपटॉपचा टचपॅड इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे विंडोज टाकणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालत नाही, कारण त्याचाही ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) तिथे नसतो. लोकांना वाटतं मशीनच अडकलं.

बायोसला डिस्क दिसते का?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण पुढची वाट याच्या उत्तरावर ठरते. बायोसला दिसते आणि इन्स्टॉलरला दिसत नाही, तर भानगड सेटिंगची किंवा ड्रायव्हरची. स्क्रू ड्रायव्हर खणातच राहू द्या. बायोसलाच दिसत नसेल तर कितीही ड्रायव्हर भरा, उपयोग शून्य.

मशीन सुरू होताच डेल, एसर, आसूसवर एफ२ दाबत राहा, एचपीवर एफ१०, लेनोव्होवर एफ२ आणि थिंकपॅड असेल तर एफ१. डेस्कटॉपच्या बहुतेक मदरबोर्डांवर डिलीट. वेळ साधत नसेल आणि विंडोज सुरू होत असेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ असं गेलं की थेट बायोस उघडतं.

आत ‘मेन’, ‘इन्फर्मेशन’ किंवा ‘स्टोरेज’ या पानावर डिस्कचं नाव आणि क्षमता शोधा. काही बोर्डांवर एनव्हीएमई डिस्क (नव्या, वेगवान प्रकारची एसएसडी) या यादीत नसते, ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ नावाच्या वेगळ्या पानावर बसलेली असते. तेही उघडून बघा. ‘बूट’च्या यादीवरून मात्र निष्कर्ष काढू नका. तिथे विंडोजच्या बूट नोंदी असतात, आणि कोऱ्या डिस्कवर अशी नोंदच नसते.

पडद्यावर नेमकं काय लिहिलंय?

मला फोन करणारे निम्मे लोक ‘एरर आला’ एवढंच सांगतात. तीन वेगवेगळे संदेश आहेत आणि तिघांची औषधं वेगळी.

‘वी कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज’ किंवा रिकामी यादी म्हणजे इन्स्टॉलरला डिस्क खरोखर सापडली नाही. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

‘अ मीडिया ड्रायव्हर युअर कॉम्प्युटर नीड्स इज मिसिंग’ हा संदेश बहुतेकदा डिस्कबद्दल नसतोच. इन्स्टॉलरला स्वतःचा पेनड्राइव्हच नीट वाचता येत नाही, ही त्याची तक्रार. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावा, शक्यतो निळ्याऐवजी काळ्या यूएसबी २.०च्या. तरी तेच आलं तर आयएसओ फाइल (विंडोज टाकायची मूळ फाइल) मायक्रोसॉफ्टकडून पुन्हा उतरवा आणि रूफससारख्या साधनाने पेनड्राइव्ह नव्याने बनवा.

‘विंडोज कॅनॉट बी इन्स्टॉल्ड टू धिस डिस्क’ आलं तर घाबरू नका. डिस्क दिसतेय, फक्त तिची आखणी चुकीची आहे. त्याकडे पुढे येतो.

खरा गुन्हेगार: व्हीएमडी

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर, बायोसला डिस्क दिसते पण इन्स्टॉलरला दिसत नाही असं असेल, तर माझा पहिला संशय व्हीएमडीवर. पूर्ण नाव व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. मुळात ही सोय झिऑन प्रोसेसरच्या सर्व्हरसाठी होती. २०२०मध्ये अकरावी पिढी आली आणि ती लॅपटॉपमध्येही उतरली.

वाड्याचा दिंडी दरवाजा डोळ्यांपुढे आणा. आत बिऱ्हाडं आहेत, पण बाहेरच्याला प्रत्येक बिऱ्हाडाचं दार दिसत नाही, दिसतो तो एकच दरवाजा. व्हीएमडी सुरू असलं की एनव्हीएमई डिस्क अशी त्याच्या मागे जाते. विंडोजजवळ एनव्हीएमईचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, पण तो डिस्कचं दार शोधतो आणि त्याला ते सापडत नाही. दिंडी उघडायला इंटेलचा ड्रायव्हर लागतो, आणि मायक्रोसॉफ्टकडून उतरवलेल्या इन्स्टॉलरमध्ये तो सहसा नसतो. कंपनीने लॅपटॉपमध्ये भरून दिलेल्या विंडोजमध्ये तो आधीच असतो, म्हणून फॉरमॅट मारेपर्यंत सगळं सुरळीत चालतं.

पिढी कशी ओळखायची? प्रोसेसरचं नाव वाचा. आय५-११३५जी७ अकरावी, आय५-१२३५यू बारावी, आय५-१३३५यू तेरावी. त्यानंतरची ‘कोअर अल्ट्रा’ही याच घरातली. एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल तर हा भाग सोडून द्या, व्हीएमडी हा इंटेलचा प्रकार आहे. एएमडीवर असाच घोळ होतो तो बायोसमध्ये रेड मोड, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकत्र वापरण्याची सोय, सुरू असताना. रेड वापरायचं नसेल तर तो मोड बंद करा. वापरायचंच असेल तर एएमडीचे तीन ड्रायव्हर याच क्रमाने द्यावे लागतात: आरसीबॉटम, आरसीरेड, आरसीसीएफजी.

इथून दोन वाटा फुटतात. डिस्क पूर्ण पुसायची असेल तर मी डोळे झाकून व्हीएमडी बंद करतो. एकच एसएसडी असलेल्या घरगुती लॅपटॉपवर त्याने काही बिघडत नाही, विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर छान काम करतो. दोन डिस्क जोडून रेड केलेलं असेल तर मात्र बंद करू नका, ती जोडणी तुटेल. बायोसमध्ये पर्यायच नसेल किंवा त्याच डिस्कवरचं जुनं विंडोज ठेवायचं असेल, तर दुसरी वाट: ड्रायव्हर भरायचा.

पहिली वाट: व्हीएमडी बंद करणं

आसूसवर एफ७ दाबून ‘ॲडव्हान्स्ड मोड’मध्ये जा. ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘व्हीएमडी सेटअप मेनू’ असतो, त्यात ‘एनेबल व्हीएमडी कंट्रोलर’ हे ‘डिसेबल्ड’ करा. डेलवर ‘स्टोरेज’ विभागात ‘रेड ऑन’च्या जागी ‘एएचसीआय/एनव्हीएमई’ (डिस्क थेट दाखवणारा साधा मोड) निवडा.

एसरवर गंमत आहे. तिथे पर्याय असतो, पण लपवलेला. ‘मेन’ पानावर उभं राहून कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की ‘व्हीएमडी कंट्रोलर’ची ओळ उगवते. हे माहीत नसल्यामुळे किती जणांनी बायोस तीनतीनदा पालथं घातलं असेल, देव जाणे. एचपीच्या बऱ्याच घरगुती लॅपटॉपवर असा पर्याय नसतोच. शोधत बसू नका, सरळ दुसऱ्या वाटेला लागा.

बदल केला की एफ१० दाबून सेव्ह करा, पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू करा. डिस्क यादीत यायला हवी. ५१२ जीबीची असेल तर विंडोज ती ४७६ जीबी दाखवेल. ही चोरी नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी.

जुनं विंडोज ठेवून सेटिंग बदलायची असेल, म्हणजे समजा शेजारी लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) टाकायचं आहे, तर थेट बदलू नका. विंडोज उठताना ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळ्या पडद्यावर आपटेल. आधी बिटलॉकर थांबवा. मग विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘बूट’ पानावर ‘सेफ बूट’वर खूण करा. रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये जाऊन सेटिंग बदला. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि योग्य ड्रायव्हर आपोआप उचलेल. मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. एक खबरदारी: सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असं नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड पाठ हवा.

दुसरी वाट: ड्रायव्हर भरणं

यासाठी दुसरा संगणक लागतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपला मॉडेल किंवा सीरिअल नंबर टाका आणि ‘स्टोरेज’ विभागातला ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ ड्रायव्हर उतरवा. इंटेलच्या संकेतस्थळावरही तो मिळतो, पण तिथे पिढीनुसार वेगवेगळी आवृत्ती आहे आणि घाईत चुकीची उचलली जाते. म्हणून माझी पसंती कंपनीच्या पानाला.

आता लोक हमखास चुकतात ती जागा. उतरलेली ईएक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकतात आणि इन्स्टॉलर म्हणतो ‘नो साइन्ड डिव्हाइस ड्रायव्हर्स वेअर फाउंड’. इन्स्टॉलरला ईएक्सई कळत नाही, त्याला आतल्या सुट्या फाइली हव्यात. डेलची फाइल चालवली की ‘एक्स्ट्रॅक्ट’चा पर्याय देते. एचपीची फाइल सी ड्राइव्हवरच्या ‘एसडब्ल्यूसेटअप’ फोल्डरमध्ये उलगडते. इंटेलची ‘सेटअपआरएसटी’ असेल तर त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून फाइलच्या नावापुढे जागा सोडून ‘-एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ आणि पुन्हा जागा सोडून नव्या फोल्डरचं नाव लिहा. आत ‘आयएस्टोरव्हीडी’ नावाच्या आयएनएफ, एसवायएस आणि सीएटी फाइली दिसल्या की काम झालं. तो अख्खा फोल्डर विंडोजच्या पेनड्राइव्हवरच टाका, वेगळा पेनड्राइव्ह लागत नाही.

इन्स्टॉलरमध्ये रिकाम्या यादीच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, ‘ब्राउझ’ करून तो फोल्डर दाखवा. ‘न जुळणारे ड्रायव्हर लपवा’ ही खूण तशीच ठेवा. यादीत ‘इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर’ असं नाव येईल, पुढे पिढीप्रमाणे क्रमांक: अकरावीला ९ए०बी, बाराव्या पिढीला ४६७एफ, तेरावीला ए७७एफ. कधी शेजारी ‘मॅनेज्ड कंट्रोलर ०९एबी’ असं दुसरंही दिसतं. ते नको, पहिलं निवडा. अर्ध्या मिनिटात डिस्क येते, नाही आली तर ‘रिफ्रेश’ दाबा. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून इन्स्टॉलरचं रूप बदललं आहे. नव्या रूपात ड्रायव्हर घेताना अडला, तर सुरुवातीच्या पडद्यावर खाली ‘प्रीव्हियस व्हर्जन ऑफ सेटअप’ अशी ओळ आहे, तिथून जुन्या रूपात जा.

विंडोज एक्सपीच्या काळात हेच काम एफ६ दाबून आणि फ्लॉपी घालून करावं लागे. ज्यांनी ते केलंय त्यांना आजचा त्रास लाडाचा वाटेल.

दहाव्या पिढीपर्यंतची मशीन

इथे व्हीएमडी नसलं तरी चुलतभाऊ आहे: बायोसमधला ‘सॅटा मोड’ (सॅटा ही डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर, म्हणजे वरच्याच रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीवर, असणं. तो ‘एएचसीआय’वर आणा, बाकी सगळं वरच्यासारखंच. एक अपवाद ऑप्टेनचा. काही लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कला वेग देण्यासाठी छोटी ऑप्टेन मेमरी जोडलेली असते. अशा वेळी आधी विंडोजमधून ऑप्टेन बंद करा, मगच मोड बदला. एकाच पट्टीवर ३२ जीबी ऑप्टेन आणि मोठी एसएसडी अशी जोडी असेल तर मोड बदलल्यावर दोन डिस्क दिसतील. छोटीवर विंडोज टाकायला जाऊ नका. इंटेलने हा ऑप्टेनचा धंदा २०२२मध्ये गुंडाळायचं जाहीर केलं, पण जुन्या मशीनमध्ये तो अजून भेटतो.

लिनक्सवाल्यांसाठी

लिनक्सच्या नव्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, व्हीएमडी कळतं, त्यामुळे ताज्या उबंटूला (लिनक्सचाच एक प्रकार) बहुधा अडचण येत नाही. अडतं ते जुन्या रेड मोडवर. उबंटूचा इन्स्टॉलर मग ‘आरएसटी बंद करा’ असं स्वतःच सांगतो. खात्री करायची असेल तर लाइव्ह, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या, उबंटूमध्ये टर्मिनल उघडून ‘सुडो डीमेसेज’ची कमांड द्या. ‘फाउंड १ रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हायसेस’ अशी ओळ सापडली की प्रश्न मिटला, बायोसमध्ये एएचसीआय करा. खरं तर विंडोज टाकणाऱ्यांनीही लाइव्ह उबंटूचा पेनड्राइव्ह बाळगावा. ‘एलएसबीएलके’ लिहिलं की डिस्क जिवंत आहे की नाही ते लगेच कळतं.

डिस्क दिसते, पण घेत नाही

‘द सिलेक्टेड डिस्क हॅज ॲन एमबीआर पार्टिशन टेबल’ असं आलं तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली आहे आणि यूईएफआयला, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसला, जीपीटी ही नवी आखणी हवी. पुसायची तयारी असेल तर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काही लॅपटॉपवर सोबत एफएनही. काळ्या खिडकीत ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’. इथे श्वास घ्या. यादीत तुमचा पेनड्राइव्हही असतो आणि दुसरी हार्ड डिस्कही, क्षमता बघूनच आकडा ठरवा. शंका असेल तर मशीन बंद करून बाकीच्या डिस्क काढून ठेवा. मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तो आकडा, ‘क्लीन’, ‘कन्व्हर्ट जीपीटी’. ‘क्लीन’ खात्री विचारत नाही.

जुन्या एमबीआर आखणीत २ टीबीपुढची जागा वापरताच येत नाही. ४ टीबीची डिस्क अर्धीच दिसते म्हणून परत करायला निघालेल्या गृहस्थांना मी दुकानाच्या पायरीवर थांबवलं आहे.

कुणाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७वरच चालतं, अशांसाठी एवढंच: सातच्या मूळ इन्स्टॉलरमध्ये एनव्हीएमईचाही ड्रायव्हर नाही आणि यूएसबी ३.०चाही. विंडोज ८.१मध्ये एनव्हीएमईचा आला. सातसाठी साधी सॅटा एसएसडी लावणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग.

बायोसलाच दिसत नाही

आता स्क्रू ड्रायव्हर काढा. चार्जर काढा, मशीन पूर्ण बंद करा, लॅपटॉपच्या आतल्या बॅटरीची जोडणी सोडवता येत असेल तर सोडवा. डेस्कटॉपचा प्लग भिंतीतूनच काढा.

एम.२ एसएसडी (पातळ पट्टीसारखी असते ती) खाचेत तिरकी जाते आणि मग खाली दाबून स्क्रूने बसवतात. स्क्रू नसला की ती किंचित वर उचललेली राहते आणि संपर्क तुटतो. काढून पुन्हा नीट बसवा. कोकणात पावसाळ्यानंतर सोनेरी कडेवर मळ धरलेला मी पाहिलाय. पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबरने हलका हात फिरवा आणि भुसा झटकून टाका.

नवीच एसएसडी दिसत नसेल तर तिच्या खाचा मोजा. दोन खाचा म्हणजे बहुधा सॅटा प्रकारची, एक खाच म्हणजे बहुधा एनव्हीएमई. दोन्ही दिसायला सारख्या, पण काही स्लॉट फक्त एनव्हीएमई घेतात, काही फक्त सॅटा. चुकीची लावली तर बसते नीट आणि दिसत मात्र नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं.

डेस्कटॉपवर आणखी दोन खड्डे. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखाददुसरा सॅटा पोर्ट बंद पडतो, मग जुनी हार्ड डिस्क ‘अचानक’ गायब होते. केबल शेजारच्या पोर्टला लावली की परत येते. दुसरा खड्डा बी५६०सारख्या बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे आय५-१०४००एफ वगैरे. अशा बोर्डांचा प्रोसेसरजवळचा पहिला एम.२ स्लॉट अकराव्या पिढीवरच चालतो. दुसऱ्या स्लॉटला लावा, तिथे दिसेल. सॅटा डिस्क असेल तर डेटाची केबल आणि पॉवरची केबल दोन्ही बदलून बघा. डेटाची केबल स्वस्त असते आणि बिघडते तीच जास्त.

तरी नाही, तर डिस्क यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला लावा. केस घेताना एनव्हीएमईची की सॅटाची ते बघून घ्या. तिथेही दिसली नाही तर मात्र ती गेलीच म्हणायची. स्वस्त सॅटा एसएसडींचा एक ओळखीचा शेवट असतो: बायोसमध्ये कंपनीच्या नावाऐवजी ‘सॅटाफर्म एस११’ असं नाव दिसू लागतं. फायसन कंपनीच्या एस११ कंट्रोलरचं, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपचं, आतलं सॉफ्टवेअर कोलमडल्याची ती खूण. अशा डिस्कवर विंडोज टाकायचा हट्ट धरू नका. आतला डेटा हवा असेल तर तिला पुन्हापुन्हा वीज न देता डेटा परत काढणाऱ्यांकडे न्या. डेटा नको असेल तर बिल शोधा आणि वॉरंटीत द्या. आणि एसएसडीवरचं स्टिकर ‘गरम होते’ म्हणून सोलू नका, सीरिअल नंबर त्यावरच असतो.